सुपरचार्जर बसवलेलं इंजिन घरच्या घरी ट्यून करता येईल का?

उत्तर आधीच सांगतो: येतं, पण सगळं नाही. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा, इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंप. इंधनाचा नकाशा, म्हणजे कुठल्या आरपीएमला आणि दाबाला किती इंधन टाकायचं याचा तक्ता, तुम्ही स्वतः, आपल्या गाडीत बसून, आपल्या लॅपटॉपवर तयार करू शकता. मन लावून केलात तर घाईघाईत झालेल्या व्यावसायिक ट्यूनपेक्षा तो चांगलाही होतो. ठिणगीची वेळ, म्हणजे टायमिंग, सावध पातळीवर ठेवणंही जमेल. पण टायमिंग पुढे सरकवत इंजिनातली शेवटची ताकद काढायची असेल तर गाडी डायनोवर, म्हणजे चाकांखालच्या रोलरने ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, न्यावी लागते, आणि तिथे हट्ट करू नये.

कारण साधं आहे. इंधन चुकलं तर एक्झॉस्टमधला, हवा आणि इंधनाचं प्रमाण मोजणारा लॅम्डा सेन्सर सेकंदाच्या आत सांगतो. टायमिंग चुकलं तर रस्त्यावर सांगणारं भरवशाचं काहीच नसतं, आणि पहिली खबर कधीकधी थेट पिस्टनच्या तुटलेल्या रिंग लँडमधून (रिंगांच्या खाचांमधला धातू) येते. ज्याचं माप घेता येतं ते काम आपलं, ज्याचं येत नाही ते आपलं नाही. पुढचा सगळा लेख याच एका नियमावर उभा आहे.

उदाहरणासाठी पहिल्या पिढीची माझदा मियाटा घेतो. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या वाहनमेळ्यात आलेली ही छोटी, दोन माणसांची, छत उघडणारी गाडी. १.६ लिटरचं इंजिन, सुमारे ११५ अश्वशक्ती, कॉम्प्रेशन रेशो ९.४. अमेरिकेत हौशी मंडळींनी सर्वात जास्त सुपरचार्ज केलेल्या गाड्यांपैकी ही एक, आणि तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांना जुन्या बाजारात सहज भेटणारी. तिच्यावर बसणाऱ्या किटमध्ये बहुधा ईटन कंपनीचा एम४५ सुपरचार्जर असतो. नावातला ४५ म्हणजे एका फेऱ्यात ४५ घनइंच, साधारण ०.७४ लिटर हवा. मूळ ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, जागी मेगास्क्वर्ट हा ईसीयू बसवला आहे असं धरू. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी २००१ च्या सुमारास तो हौशी लोकांनी स्वतः जोडावा, स्वतः शिकावा म्हणूनच तयार केला. त्याच्यासाठीचं ट्यूनर स्टुडिओ हे सॉफ्टवेअर आजही सर्वाधिक वापरात आहे.

नवशिक्याला टर्बोपेक्षा असा रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर सोपा जातो. बूस्ट, म्हणजे हवेचा जास्तीचा दाब, किती मिळणार हे पुलीच्या व्यासावर ठरतं, त्यामुळे टर्बोचा दाब आवरणाऱ्या वेस्टगेटची आणि बूस्ट कंट्रोलची भानगड नाही. पण दोन गोष्टी त्याच्या विरुद्ध जातात. पहिली, तो २५०० आरपीएमलाच जवळजवळ पूर्ण बूस्ट देतो. कमी वेगात पिस्टन सावकाश फिरतो, सिलेंडरमधल्या मिश्रणाला आपोआप पेटायला भरपूर वेळ मिळतो, आणि अशा अवेळी पेटण्याचा, म्हणजे नॉकिंगचा, धोका तिथेच जास्त असतो. दुसरी, रूट्स प्रकारचा ब्लोअर हवा आतल्या आत दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो, त्यामुळे ती बरीच तापते. ६ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) बूस्टला बाहेरची २५ अंशांची हवा ब्लोअरमधून बाहेर पडताना ८० अंशांच्या घरात जाते. ही हवा थंड करणारा इंटरकूलर नसेल तर मी ६ पीएसआयच्या वर जाणार नाही, आणि कोणाला जाऊ देणार नाही.

आधी इंजिनाची तब्येत

ट्यूनिंगने आजारी इंजिन बरं होत नाही. चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन तपासा: इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही प्लग काढलेले. सर्वात जास्त आणि सर्वात कमी आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर तिथेच थांबा आणि लीकडाउन चाचणी करून हवा कुठून निसटते ते शोधा. रिंगांकडून निसटत असेल तर या इंजिनावर बूस्ट घालू नका.

१९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या मियाटा असतील तर आणखी एक तपासणी टाळूच नका. या गाड्यांच्या क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे आणि तिथली की (पुली जागेवर अडकवणारी धातूची पाचर) ढिली होऊन पुली डुगडुगण्याचा रोग प्रसिद्ध आहे. क्रँक पुलीच्या खाचा मोजा. चार असतील तर आखूड टोक, आठ असतील तर नंतरचं सुधारलेलं. सुपरचार्जरचा बेल्ट याच टोकाला ओढत राहणार आहे. शिवाय ती की सरकली तर टायमिंगची खूणही सरकते, म्हणजे ज्या खुणेवर तुम्ही विश्वास ठेवणार तीच खोटी ठरते.

तिसरं म्हणजे कूलिंग. या इंजिनात पाणी पुढच्या बाजूने शिरतं आणि पुढच्याच बाजूने बाहेर पडतं. त्यामुळे मागचा, चौथा सिलेंडर सर्वात गरम राहतो. रेडिएटर जुना असेल तर आधी तो बदला. पाण्याचा मार्ग मागून काढण्याचं किट मिळतं, ज्यांना ट्रॅकवर जायचं आहे त्यांनी ते जरूर लावावं. रोजच्या रस्त्यावर चौथ्या सिलेंडरची आठवण ठेवून टायमिंग थोडं मागे ठेवलं तरी चालतं.

प्लग एक पायरी थंड घ्या. मूळ एनजीके सहा नंबर असेल तर सात, आणि गॅप १.१ मिलिमीटरवरून ०.८ च्या आसपास आणा. दाबाखाली मोठ्या गॅपमधून ठिणगी विझते, आणि अशी मिसफायर लॅम्डा सेन्सरला खोटं लीन, म्हणजे इंधन कमी, दाखवते. मग माणूस नको तिथे इंधन वाढवत बसतो.

हत्यारं

वाइडबँड लॅम्डा कंट्रोलर, म्हणजे मिश्रणाचा नेमका आकडा देणारा मीटर, हवाच. बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर असलेला कुठलाही चांगल्या कंपनीचा घ्या. सोबत टायमिंग लाइट, फ्युएल प्रेशर गेज, लॅपटॉप आणि चालवणारा दुसरा माणूस. हा दुसरा माणूस ऐच्छिक नाही. स्टेअरिंग धरलेल्या माणसाने स्क्रीनकडे बघू नये.

सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, आणि आडव्या रेषेच्या वरच्या बाजूला तिरका बसवा, म्हणजे पाण्याचे थेंब त्याच्या टोकावर साचणार नाहीत. त्याच्या आधी एक्झॉस्टमध्ये गळती नको. बाहेरची हवा आत ओढली गेली की मीटर लीन दाखवतो. कंट्रोलर बंद ठेवून इंजिन चालवू नका, न तापवलेला सेन्सर गरम एक्झॉस्टमध्ये लवकर खराब होतो.

वायरिंगमधली एक चूक मात्र सर्वात जास्त लोकांना भोवते: अर्थिंग. वाइडबँडची अॅनालॉग अर्थ आणि ईसीयूची सेन्सर अर्थ एकाच जागी जोडा. ० ते ५ व्होल्टमध्ये ७.३५ ते २२.३९ हवा-इंधन प्रमाण दाखवणारा कंट्रोलर असेल तर अर्थमधल्या ०.१ व्होल्टच्या फरकाने आकडा ०.३ ने चुकतो. १२.० दिसतं तेव्हा प्रत्यक्षात १२.३ असू शकतं. मीटरवरचा आकडा आणि लॅपटॉपवरचा आकडा आयडलला (इंजिन नुसतं चालू असताना), रिच म्हणजे इंधन जास्त असलेल्या मिश्रणात आणि हेडलाइट व पंखा लावून, असा तीनदा ताडून पाहा. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

शक्य असेल तर हवा-इंधन प्रमाणाऐवजी लॅम्डामध्येच विचार करायची सवय लावा. शुद्ध पेट्रोलला १४.७, अमेरिकेतल्या दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १४.१, भारतातल्या वीस टक्के इथेनॉलच्या ई२० ला साधारण १३.५ हे आदर्श प्रमाण असतं. लॅम्डा, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण भागिले आदर्श प्रमाण, मात्र तिन्हीकडे १.० च. मीटर मुळात लॅम्डाच मोजतो आणि १४.७ ने गुणून दाखवतो.

इंजेक्टरचं गणित

समजा १८० अश्वशक्तीचं लक्ष्य आहे. सुपरचार्ज केलेलं इंजिन तासाला दर अश्वशक्तीमागे ०.६ पौंड इंधन खातं असं धरतात. १८० गुणिले ०.६ म्हणजे १०८ पौंड. चार इंजेक्टर, प्रत्येक जास्तीत जास्त ८५ टक्के वेळ उघडा. १०८ भागिले ३.४ म्हणजे जवळपास ३२ पौंड प्रति तास, मिनिटाला सुमारे ३३५ सीसी. मूळ इंजेक्टर याच्या जवळपासही पोचत नाहीत. तेव्हा ३४० सीसी किंवा थोडे मोठे घ्या, पण ज्यांचा डेड टाइमचा (हुकूम मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंतच्या वेळाचा) तक्ता वेगवेगळ्या व्होल्टेजला दिलेला आहे असेच घ्या. स्वस्तातले बिननावाचे इंजेक्टर घेणाऱ्याचा पुढचा महिना आयडल दुरुस्त करण्यात जातो.

आता मेगास्क्वर्टला जो मूळ आकडा द्यावा लागतो, म्हणजे एका सिलेंडरला एका चक्रात लागणारं इंधन, तो हाताने काढून बघा. सॉफ्टवेअर काढून देतंच, पण स्वतः काढला की पुढे कुठे घोळ झाला ते ओळखता येतं. ४०० सीसी हवेचं वजन साधारण ०.४८ ग्रॅम. भागिले १४.७ म्हणजे ०.०३३ ग्रॅम पेट्रोल, म्हणजे ०.०४४ सीसी. ३४० सीसीचा इंजेक्टर सेकंदाला ५.६७ सीसी सोडतो, म्हणून ७.८ मिलिसेकंद.

हेच बूस्टला लावू. ६ पीएसआय म्हणजे समुद्रसपाटीला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, सुमारे १४२ किलोपास्कल. भरण्याची कार्यक्षमता ९० टक्के, लॅम्डा ०.८, इंटरकूलरनंतर हवा ६० अंश धरली तर उत्तर ११ मिलिसेकंदांच्या आसपास येतं. त्यात डेड टाइमचा एक मिळवा, बारा. ७००० आरपीएमला दोन फेऱ्यांचं चक्र १७.१ मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे इंजेक्टर सत्तर टक्के वेळ उघडा. ठीक आहे, हात राखून आहे. हे गणित कागदावर बसलं नाही तर गाडीत बसणार नाही.

फ्युएल रेग्युलेटरबद्दल एक सूचना. पहिल्या पिढीच्या मियाटात रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडलेली असते, त्यामुळे बूस्टबरोबर इंधनाचा दाबही वाढतो आणि इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक तोच राहतो. १९९९ नंतरच्या अमेरिकन गाड्यांत परतीची नळी नाही आणि दाब ठरावीक असतो. तिथे बूस्टमध्ये इंजेक्टर प्रत्यक्षात कमी सोडतो, आणि ते नकाशात भरून काढावं लागतं.

पहिला स्टार्ट

चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरने तुमच्या गावाचा वातावरणीय दाब दाखवला पाहिजे. मुंबईत १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, डेन्व्हरमध्ये ८४ च्या आसपास. रात्रभर उभ्या गाडीत पाण्याचं आणि हवेचं तापमान एकच दिसलं पाहिजे. थ्रॉटल सोडल्यावर ० आणि पूर्ण दाबल्यावर १०० टक्के. हवेच्या तापमानाचा सेन्सर ब्लोअरच्या आणि इंटरकूलरच्या नंतर हवा. आधी लावला तर ईसीयूला खरं तापमान कळणारच नाही.

आता या टप्प्यातली सर्वात मोलाची कृती. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर स्थिर करा, इंजिन सुरू करा, टायमिंग लाइट मारा. पुलीची खूण बरोबर १० अंशांवर दिसली पाहिजे. दिसत नसेल तर सॉफ्टवेअरमधला ऑफसेट बदलून जुळवा. मग ३००० आरपीएमवर नेऊन परत बघा. खूण तिथेच राहायला हवी, सरकली तर ईसीयू वेगाबरोबर उशीर करतोय, तेही सेटिंगमध्ये दुरुस्त करा. हे झाल्याशिवाय टायमिंगच्या तक्त्यातल्या एकाही आकड्याला अर्थ नाही. स्क्रीनवर १५ आणि इंजिनात २३ अशी अवस्था असेल, तर लॅपटॉपवर नोंदलेला आकड्यांचा लॉग कितीही सुंदर दिसला तरी इंजिन फुटेल.

बूस्टशिवायचे दिवस

एम४५ च्या बहुतेक किटमध्ये व्हॅक्यूमवर चालणारा बायपास व्हॉल्व्ह असतो. सुरुवातीचे दिवस तो उघडाच बांधून ठेवा. हवा गोल फिरून परत येते आणि बूस्ट फारसा तयार होत नाही. मग निवांतपणे आयडल आणि क्रूझचा, म्हणजे एकसारख्या वेगाने धावण्याचा, भाग जुळवा.

इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत काहीही बदलू नका. लॅम्डावरून होणारी आपोआप दुरुस्ती तात्पुरती बंद करा, नाहीतर तुमची चूक ती झाकून टाकते. ट्यूनर स्टुडिओच्या नोंदणीकृत आवृत्तीत गाडी चालू असताना तक्ता सुधारणारी सोय आहे. ती वापरा, पण तिच्यावर सगळं सोडू नका. ती तक्त्यातल्या फक्त ज्या चौकटींतून (एक चौकट म्हणजे एक आरपीएम आणि एक दाब) तुम्ही गेलात त्या सुधारते. शेजारच्या चौकटी तशाच राहतात आणि तक्त्यात खड्डे-उंचवटे तयार होतात. दर अर्ध्या तासाने गाडी बाजूला घ्या, तक्ता त्रिमितीत बघा, हाताने गुळगुळीत करा. खऱ्या इंजिनाचा नकाशा एका चौकटीतून दुसरीत उड्या मारत नाही. मोठी उडी दिसली तर शंका इंजिनावर नव्हे, मोजमापावर घ्या.

यासाठी मोकळा, हळू चढणारा रस्ता उत्तम. चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल एका जागी धरून चढ चढला की इंजिन एका चौकटीत बराच वेळ राहतं. क्रूझला लॅम्डा १.० ठेवा, त्यापेक्षा लीन करण्याचा मोह सध्या टाळा. ९० ते १०० किलोपास्कलच्या भागात ०.८८ च्या आसपास या.

बूस्टमध्ये, थोडं थोडं

बूस्टच्या ओळी आधीच अंदाजाने भराव्या लागतात. १०० किलोपास्कलची ओळ घ्या आणि ११०, १२५, १४२, १५० च्या ओळींत तेच आकडे थोडे वाढवून, चार-पाच टक्के जास्त इंधन पडेल असे भरा. रिच मिश्रणाने प्लग काळे होतील, एवढंच. लीन मिश्रणाला दुसरी संधी नसते.

मग बायपास पूर्ववत जोडा आणि मर्यादा घाला. पहिल्या दिवशी आरपीएम ४५०० किंवा मॅनिफोल्डचा दाब ११५ किलोपास्कल झाला की इंधन तोडायचं. थ्रॉटल सावकाश उघडत तिसऱ्या गिअरमध्ये खेचा, दोन-तीन सेकंद, मग सोडा. थांबा. लॉग वाचा. तक्ता सुधारा. पुन्हा. १२५ आणि १४२ च्या ओळी दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी. पूर्ण थ्रॉटल ही शेवटची पायरी.

पूर्ण बूस्टला लॅम्डा ०.७८ ते ०.८० ठेवा. शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात तीन आकडे लिहिलेली चिठ्ठी असू द्या. लॅम्डा ०.८५ च्या वर गेला, इंजेक्टर ८५ टक्क्यांच्या वर गेला, किंवा इंटरकूलर असलेल्या गाडीत आतली हवा ६० अंशांच्या वर गेली, की त्याने "सोड" म्हणायचं आणि तुम्ही वाद न घालता पाय उचलायचा. कारण शोधल्याशिवाय पुढची फेरी नाही. फ्युएल प्रेशर गेजवर नजर ठेवायची तीही इथेच. जुना पंप आयडलला पूर्ण दाब देतो आणि बूस्टमध्ये मान टाकतो.

रस्त्यावर किती करायचं? पाच गिअरच्या मियाटात तिसऱ्यात ४५०० आरपीएम म्हणजे साधारण ८६ किलोमीटर वेग, आणि ७००० म्हणजे १३० च्या वर. दुसऱ्यात ७००० म्हणजे ९४ च्या आसपास. म्हणजे मधला सगळा भाग रस्त्यावर कायद्यात राहून होतो. तिसऱ्यातला वरचा भाग ट्रॅकवर किंवा डायनोवर करा. दुसऱ्याच्या जिवाशी खेळून काढलेला लॉग मला नको.

टायमिंग: इथे थांबायचं कुठे

नॉकिंगमध्ये नेमकं काय होतं? प्लगने पेटवलेली ज्वाळा पुढे सरकत असते. तिच्यापुढचं न पेटलेलं मिश्रण दबतं, तापतं आणि ज्वाळा पोचायच्या आतच एकदम स्फोटासारखं पेटतं. त्या दाबाच्या लाटा सिलेंडरच्या भिंतींवर आपटतात. ७८ मिलिमीटर बोअरच्या या इंजिनात त्यांची वारंवारता ७.३ किलोहर्ट्झच्या आसपास येते. पिस्टनवरचा हवेचा पातळ, उष्णता अडवणारा थर त्या उडवून लावतात आणि अॅल्युमिनियम वितळू लागतं. पहिल्या पिढीच्या मियाटात नॉक सेन्सर नाहीच.

हौशी लोकांची जुनी युक्ती अशी: तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून इंजिन ब्लॉकला बोल्टने लावायचं, दुसऱ्या टोकाला लांब रबरी नळी, आणि ती कानावरच्या इअर मफमध्ये. नॉकिंग झालं तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. ही युक्ती खरंच चालते, पण सुपरचार्जरच्या किंकाळीत आणि ६००० आरपीएमला कान ओळखायला शिकण्याआधी नुकसान झालेलं असू शकतं. म्हणून ती सुरक्षेचं साधन म्हणून जवळ ठेवा, ताकद शोधण्याचं साधन म्हणून नाही.

दुसरी अडचण अशी की नॉकिंग होत नाही याचा अर्थ टायमिंग बरोबर आहे असा होत नाही. प्रत्येक चौकटीत टॉर्क सर्वाधिक देणारा एक बिंदू असतो. त्याच्या पुढे टायमिंग नेलं तर टॉर्क वाढत नाही, फक्त सिलेंडरमधला दाब वाढतो. तो बिंदू टॉर्क मोजल्याशिवाय दिसत नाही, आणि रस्त्यावर टॉर्क तेवढ्या बारकाईने मोजता येत नाही.

तर घरी काय करायचं? वातावरणीय दाबाला पूर्ण थ्रॉटलवर २६ ते २८ अंश चालतात असं धरा आणि दर पीएसआय बूस्टमागे दीड ते दोन अंश कमी करा. ६ पीएसआयला मी मधल्या आरपीएमला १५-१६ अंशांवर सुरू करेन, आणि २५०० ते ३५०० च्या पट्ट्यात त्याहूनही तीन-चार अंश मागे. शिवाय हवेच्या तापमानाप्रमाणे मागे येणारा तक्ता भरा: हवा ५० अंशांच्या वर गेली की तापमानाच्या दर सहा अंशांमागे टायमिंग एक अंश कमी. मेमधल्या ट्रॅफिकमध्ये तापलेला ब्लोअर घेऊन सिग्नल सुटल्यावर पाय दाबला जातो, तेव्हा हाच तक्ता इंजिन वाचवतो. ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची क्षमता, तीही ध्यानात ठेवा. कॅलिफोर्नियातल्या पंपावरचं ९१ आणि भारतातलं ९१ एक नाही. तिथला आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो, तो इथल्या ९५-९६ च्या बरोबरीचा आहे. तिथून उचललेला टायमिंगचा तक्ता भारतातल्या ९१ च्या पेट्रोलवर लावू नका.

एवढ्यावर गाडी छान धावते. शेवटची ताकद थोडी राहून जाते, ती डायनोवर घ्या. नुसता जड रोलर फिरवणारा डायनो नको, आरपीएम एका जागी धरून ठेवता येईल असा हवा. इंधन तुम्ही आधीच जुळवलेलं असल्यामुळे भाड्याचे तास फक्त टायमिंगवर खर्च होतात. एका आरपीएमवर गाडी धरा, एक-एक अंश वाढवा, टॉर्क बघा. वाढ थांबली की तिथून दोन अंश मागे. नॉकिंग आधी आलं तर तिथून तीन. चालवणाऱ्या तंत्रज्ञाला हे आधी सांगून ठेवा, कारण काहींना कागदावरचा मोठा आकडा देऊन तुम्हाला खूश करायचं असतं. या १.६ इंजिनाचे मूळ कनेक्टिंग रॉड २०० पौंड-फूट टॉर्कच्या आसपास धोक्यात येतात. एम४५ तिथवर सहसा पोचत नाही, पण पुढे मोठा ब्लोअर लावायचा विचार मनात असेल तर हे आजच लिहून ठेवा.

थंडीतली सकाळ: इथे हौशी माणूस जिंकतो

थंड इंजिन सुरू होणं, पहिल्या मिनिटाचं इंधन, अचानक पाय दाबल्यावर येणारा अडखळा. या गोष्टी कुठलंही गॅरेज तुम्हाला नीट करून देणार नाही, कारण इंजिन पूर्ण थंड व्हायला रात्र लागते आणि त्यांच्याकडे गाडी दोन दिवस असते. तुमच्याकडे रोजची सकाळ आहे.

एका सकाळी एकच आकडा बदला. वहीत तापमान, किती वेळात इंजिन पेटलं, आयडल कुठे बसला हे लिहा. पेटायला वेळ लागतो आणि पेट्रोलचा वास येतो म्हणजे क्रँकिंगचं इंधन जास्त आहे. पेटतं पण लगेच मरतं म्हणजे स्टार्टनंतरची भर कमी आहे. गरम होताना लॅम्डा हळूहळू ०.९ वरून १.० कडे यायला हवा. अचानक थ्रॉटल उघडल्यावर लॅम्डा क्षणभर १.२ कडे उडून परत येत असेल तर अॅक्सिलरेशनचं इंधन वाढवा, आणि आधी खोल रिच जाऊन गाडी बुडत असेल तर कमी करा. मूळ तक्ता नीट जुळल्यावरच हे करा, नाहीतर एकाची चूक दुसऱ्याने झाकली जाते. उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही पाहिल्याशिवाय हा भाग पूर्ण होत नाही, आणि गाडी अंगवळणी पडते ती याच काळात.

कोणत्या गाडीला हे लावू नये

वरचं सगळं जुन्या, साध्या ईसीयूच्या गाड्यांसाठी आहे. ऑडीच्या सुपरचार्ज केलेल्या ३.० लिटर व्ही६ सारख्या गाड्यांत ईसीयू टॉर्कचं पूर्ण गणित चालवतो. थ्रॉटल, टायमिंग, गिअरबॉक्स एकमेकांत गुंतलेले असतात आणि शेकडो तक्ते एकमेकांवर अवलंबून असतात. तिथे शून्यापासून हात घालू नका. त्या इंजिनावर अनेक गाड्या तयार केलेल्या व्यावसायिकाचा नकाशा विकत घ्या, आणि तुम्ही लॉग काढून तपासायचं काम करा. २००२ ते २००६ ची मिनी कूपर एस, जिच्यात हाच एम४५ आहे, मधल्या वर्गात येते. लहान पुली लावणं घरी होतं, ईसीयूचा नकाशा शक्यतो बाहेरून.

कायद्याचंही बघा. अमेरिकेत प्रदूषण-नियंत्रणाच्या यंत्रणेशी छेडछाड करायला स्वच्छ हवा कायद्याने मनाई आहे. कॅलिफोर्नियात तर राज्याच्या मंजुरीचा क्रमांक नसलेला सुटा ईसीयू लावून स्मॉग तपासणी पार होत नाही. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनी दावा नाकारू शकते ते वेगळंच. भारतात असं इंजिन बांधायचं तर ते ट्रॅकच्या गाडीत बांधा आणि ट्रेलरवर न्या.

नंतरची देखभाल

ट्यून पूर्ण झाल्यावर पहिल्या १००० किलोमीटरनंतर प्लग काढून बघा. इन्सुलेटरवर बारीक काळे किंवा चकाकणारे ठिपके दिसले तर ते पिस्टनवरचं अॅल्युमिनियम असू शकतं. त्याच दिवशी टायमिंग तीन अंश मागे घ्या आणि लीकडाउन पुन्हा करा. बेल्टचा ताण, ब्लोअरचं तेल, मॅनिफोल्डचे बोल्ट आणि सर्व व्हॅक्यूम नळ्यांचे क्लिप तपासा. सुटलेल्या मॅप सेन्सरच्या नळीमुळे ईसीयूला बूस्ट दिसतच नाही आणि इंजिन लीन होतं. नेहमीचा पेट्रोल पंप किंवा इथेनॉलचं प्रमाण बदललं तर पूर्ण थ्रॉटलचा एक लॉग पुन्हा काढा. ई१० वरून ई२० वर जाताना इंधन काही टक्के जास्त लागतं, आणि तेवढ्याने ०.८० चा लॅम्डा ०.८५ च्या दिशेने सरकतो. लॉगच्या फाइलला तारीख, हवेचं तापमान आणि पेट्रोलचा प्रकार नावातच लिहा. पुढच्या वर्षी काही बिघडल्यासारखं वाटलं तर तुलना करायला याच फाइल लागतील.